आजोबांची सायकल, आजोबांचेच कपडे!

पहाटेचे पाच वाजलेत. बाहेर मिट्ट काळोख आहे आणि हवेत चांगलाच गारवा. अशा वेळी एका लहानशा गावात शेकडो माणसं सायकली घेऊन उभी आहेत. कुणाच्या अंगात लोकरीची जाड जर्सी, कुणाच्या डोक्यावर इवल्याशा चोचीची सुती टोपी. एकानं तर सायकलचा टायरच इंग्रजी आठासारखा पिळून दोन्ही खांद्यांत अडकवलाय, आपण दप्तर अडकवतो तसा! प्रत्येकाच्या हँडलवर दिवा मिणमिणतोय. आणि सायकली? त्या तर तुमच्या बाबांच्या लहानपणच्या, काही काही आजोबांच्या वयाच्या!

तुम्ही म्हणाल, सिनेमाचं शूटिंग चाललंय की काय? नाही दोस्तांनो, हे शूटिंग नाही. ही आहे इटलीतली जुन्या सायकलींची फेरी. तिचं नाव ‘लेरोइका’. म्हणजे ‘शूरांची’ फेरी, असं म्हणा ना! फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागात, द्राक्षांच्या मळ्यांमध्ये गायोले नावाचं गाव आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही फेरी तिथून निघते.

रस्ते वाचवायला निघालेली माणसं

या फेरीची सुरुवात झाली १९९७ साली. त्या भागात मातीचे, खडीचे जुने रस्ते आहेत. तिथली माती पांढुरकी, म्हणून त्यांना म्हणतात ‘पांढरे रस्ते’. शेकडो वर्षं त्यांच्यावरून बैलगाड्या गेल्या, घोडे गेले, मग सायकली गेल्या. पुढे एकेक करत त्यांच्यावर डांबर पडायला लागलं. जांकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थांना वाटलं, सगळ्याच रस्त्यांवर डांबर पडलं तर हे जुनं जग पुसूनच जाईल. मग करायचं काय? त्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी सायकली काढल्या! पहिल्या वर्षी जेमतेम ९२ जण आले. आज जगभरातून हजारो लोक येतात. आणि बघा, ज्या रस्त्यांना लोक ‘कच्चे, निरुपयोगी’ म्हणत होते, त्याच रस्त्यांवर २००७ सालापासून नामवंत व्यावसायिक सायकलपटूंची एक मोठी शर्यतही होते.

लेरोइका मात्र शर्यत नाही बरं का! इथे पहिला, दुसरा असा नंबर काढत नाहीत. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं. वाटेतल्या ठाण्यांवर थांबायचं, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, पोटभर खायचं आणि पुढे निघायचं. लांबचा मार्ग २०० किलोमीटरहून जास्त आहे, पण छोटे मार्गही आहेत.

एक अट मात्र कडक. सायकल जुनी हवी आणि कपडेही तसेच हवेत!

समजा, उद्या तुम्हाला या फेरीचं आमंत्रण आलं. काय काय तयारी करावी लागेल? चला, आपण एकेक वस्तू गोळा करू.

आधी सायकल तपासू

नियम असा की सायकल १९८७ किंवा त्याआधीच्या घडणीची, शर्यतीची सायकल हवी. १९८७च का? कारण त्या सुमारास सायकली झपाट्यानं बदलल्या. गिअर बदलायच्या कळा हँडलवर आल्या, ब्रेकच्या तारा हँडलच्या वेष्टनाखाली लपल्या, आणि बूट पायडलमध्ये ‘खट्’ करून अडकायला लागले.

तेव्हा जुन्या सायकलवर काय काय दिसलं पाहिजे? गिअरच्या कळा हँडलवर नव्हे, तर पुढच्या चाकाकडून खाली पायडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर. म्हणजे गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून खाली वाकायचं! ब्रेकच्या तारा हँडलमधून वर कमानीसारख्या बाहेर आलेल्या. आणि पायडलवर पिंजऱ्यासारखी लोखंडी पट्टी, तिला चामड्याचा पट्टा. पाऊल त्यात घालायचं आणि पट्टा आवळायचा.

या पट्ट्याची एक गंमत आहे. थांबायच्या आधी तो सैल करायला विसरलात, तर पाय सुटत नाही. मग सायकल थांबते आणि स्वार उभ्याचा आडवा होतो! जुन्या सायकलपटूंपैकी बहुतेकांनी हा प्रसाद एकदा तरी खाल्लेला असतो.

अंगात काय? लोकर!

आता कपडे. आजचे सायकलपटू तलम, चकचकीत, कृत्रिम धाग्यांचे कपडे घालतात. ते येण्याआधी होती लोकर. तुम्ही म्हणाल, लोकर? आणि घाम येईल तेव्हा?

इथे थोडं विज्ञान बघू. सुती बनियन घामानं भिजलं की अंगाला चिकटतं आणि वाऱ्यात थंडगार पडतं. लोकरीचं तसं नाही. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ आणि ओल पोटात घेतो आणि तरी अंगाला फारसा ओला लागत नाही. शिवाय लोकरीचे धागे सरळ नसतात, कुरळे असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि ही अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. म्हणून पहाटेच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात एकच जर्सी चालून जाते. तिची खोड एकच, पावसात भिजली की ती जड होते आणि लांबत लांबत पार मांड्यांपर्यंत येते!

जुन्या जर्सीला खिसे पाठीवर असत आणि काही जर्सींना छातीवरसुद्धा. त्यात काय भरायचं? केळं, पाव, एखादी पोळीसारखी गुंडाळी. आणि छातीवरचं नाव छापलेलं नसे, दोऱ्यानं विणलेलं असे.

जर्सीवरून आठवलं. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, म्हणजे ‘टूर द फ्रान्स’मध्ये, आघाडीवर असलेल्या स्वाराची जर्सी पिवळी का असते, माहीत आहे? ती शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई, म्हणून! आणि इटलीच्या शर्यतीत ती गुलाबी असते, कारण तिथलं वर्तमानपत्र गुलाबी कागदाचं.

वर्तमानपत्राचा आणखी एक उपयोग ऐका. डोंगर चढताना घाम निथळतो, पण माथ्यावरून उतार लागला की गार वारा थेट छातीवर आदळतो. मग जुने सायकलपटू माथ्यावर उभ्या असलेल्या माणसांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि जर्सीच्या आत छातीशी खुपसत. कागदातून वारा आत शिरत नाही. झालं बिनपैशाचं जाकीट! आता तुमच्या यादीत लिहून ठेवा, ‘एक शिळं वर्तमानपत्र’.

खांद्यावर टायर कशाला?

सुरुवातीला पाठीवर टायर घेतलेला माणूस पाहिलात ना? ती नुसती ऐट नाही. जुन्या शर्यतीच्या सायकलींचे टायर वेगळ्या प्रकारचे असत. आपल्याकडे टायर वेगळा आणि ट्यूब वेगळी. तिथे ट्यूब आत घालून टायर खालून शिवून टाकलेला असे आणि तो चाकाच्या कडीला चक्क चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर शिवण उसवा, ट्यूब बाहेर काढा, ठिगळ लावा, पुन्हा शिवा! रस्त्यात हे कोण करणार? म्हणून अख्खा टायरच बरोबर न्यायचा. खिशात तो मावत नाही, मग पिळून खांद्यांत अडकवायचा.

पण दुसऱ्या कुणाचा टायर का नाही घ्यायचा? इथे एक खरी गोष्ट सांगायलाच हवी.

साल १९१३. टूर द फ्रान्समध्ये तेव्हा नियम होता की स्वारानं आपली दुरुस्ती आपणच करायची, कुणाचीही मदत घ्यायची नाही. युजेन क्रिस्तोफ नावाचा फ्रेंच स्वार पिरिनीज पर्वतातला एक अवघड घाट उतरत होता आणि सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो, मोडला. बाकीचे स्वार भरभर पुढे निघून गेले. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली आणि दहा-बारा किलोमीटर चालत तो खालच्या गावात पोचला. तिथे लोहाराचं दुकान होतं. लोहार म्हणाला, मी करून देतो. पण नियम! परीक्षक तिथेच उभे होते. मग क्रिस्तोफनं स्वतःच लोखंड तापवलं, स्वतःच ठोकलं आणि काही तास खपून चिमटा जोडला.

पण दोन हात किती पुरणार? एका हातात लोखंड आणि दुसऱ्या हातात हातोडा, मग भाता कोण हलवणार? एका लहान मुलानं भाता हलवला. झालं! ‘बाहेरची मदत घेतली’ म्हणून परीक्षकांनी त्याला वर दंडही ठोठावला!

क्रिस्तोफ ती शर्यत हरला. पण त्यानं ती सोडून दिली नाही, शेवटपर्यंत पूर्ण केली. सहा वर्षांनी, १९१९ साली, टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी पहिल्यांदा दिली गेली. ती कुणाच्या अंगात चढली असेल? याच क्रिस्तोफच्या! आता सांगा, खांद्यावर टायर घेऊन फिरणाऱ्याला हसायचं की सलाम करायचा?

हात, पाय आणि… बसायची जागा

हातमोजे हवेत बिनबोटांचे. तळव्याला चामडं आणि वरच्या बाजूला क्रोशानं विणलेली सुती जाळी. आजी क्रोशाचे रुमाल विणते ना, थेट तशीच! जाळीतून हवा खेळते आणि चामड्यामुळे हाताला फोड येत नाहीत.

बूट काळ्या चामड्याचे, नाडीचे. तळवा कडक असतो, म्हणजे पायडलवर जोर नीट लागतो. त्या तळव्याला खाली खाच असलेली एक पट्टी ठोकलेली असते. खाच पायडलवर बसली की पाय घसरत नाही. मात्र असे बूट घालून फरशीवर चालायला लागलात, की टकटक टकटक आवाज करत बदकासारखे चालाल.

सीट चामड्याची. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ही कंपनी १८६६ साली घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचं सामान बनवण्यासाठी सुरू झाली. लोक घोड्यावरून सायकलवर आले आणि कंपनीही आली. नवी चामडी सीट लाकडासारखी टणक असते. पण रोज बसत गेलं की हळूहळू ती मालकाच्या बैठकीचा आकार घेते. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाची होऊन जाते ना, तसंच! म्हणून अनुभवी माणसं फेरीच्या आदल्या दिवशी नवी सीट बसवत नाहीत. नवे बूटही घालत नाहीत. हा नियम तर शाळेच्या सहलीलाही लागू आहे, नाही का?

जर्सीवर नाव, नळीत कागद

लेरोइकात येणारे बरेच जण इटलीच्या दोन जुन्या वीरांसारखा पोशाख करतात. एक फाउस्टो कोप्पी आणि दुसरे जिनो बार्ताली. बार्ताली तर याच भागातले, फ्लॉरेन्सजवळचे. त्यांनी टूर द फ्रान्स दोनदा जिंकली, १९३८ आणि १९४८ साली. दोन विजयांत दहा वर्षांचं अंतर! मधली वर्षं दुसऱ्या महायुद्धानं खाल्ली.

त्या मधल्या काळातली गोष्ट त्यांच्या दोन्ही विजयांहून मोठी आहे. १९४३ मध्ये इटलीवर जर्मन फौजांनी ताबा मिळवला आणि तिथल्या ज्यू लोकांना पकडून छळछावण्यांत पाठवायला सुरुवात झाली. काही चर्चच्या लोकांनी त्यांना लपवलं. त्यांना निसटायचं तर खोट्या नावांची ओळखपत्रं हवी होती. ती एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची कुणी? रस्त्यावर ठिकठिकाणी सैनिक उभे. पकडले गेलं तर मृत्यू!

बार्ताली सरावाच्या निमित्तानं सायकलवर निघत. कागद गुंडाळून सायकलच्या नळीत लपवलेले असत. सैनिकांनी अडवलं, तरी एवढ्या नावाजलेल्या सायकलपटूला पाहून ते त्याच्याशी शर्यतींच्या गप्पा मारत. नळीत काय आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

युद्ध संपलं. बार्तालींनी ही गोष्ट जगाला ओरडून सांगितली नाही. ते २००० साली वारले, आणि त्यांच्या कामाची खरी ओळख लोकांना पटली ती नंतर. २०१३ साली इस्रायलमधल्या ‘याद वाशेम’ या संस्थेनं ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव घातलं. तेव्हा दोस्तांनो, लोकरीची जुनी जर्सी अंगात घालणं म्हणजे नुसता फॅन्सी ड्रेस नव्हे. ती कुणाची आठवण आहे, हेही आपल्याला ठाऊक हवं.

डोक्यावर मात्र नवंच!

आता सर्वांत महत्त्वाची वस्तू. जुन्या फोटोंत स्वारांच्या डोक्यावर सुती टोपी दिसते, नाहीतर चामड्याच्या चार पट्ट्यांचं शिरस्त्राण. दिसायला झकास! पण पडल्यावर? टोपी ऊन अडवते, घाम अडवते, दगड अडवत नाही. चामड्याच्या पट्ट्याही जोराच्या आपटीपुढे फारशा उपयोगाच्या नाहीत.

व्यावसायिक सायकलपटूही पुष्कळ वर्षं हेल्मेट घालायला नाखूश असत. गरम होतं, जड वाटतं, ही कारणं. मग मार्च २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हा गुणी स्वार पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघं २९. त्यानंतर त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचं झालं.

म्हणून जुन्या सायकलींचे कितीही मोठे शौकीन असले, तरी शहाणी माणसं दोन गोष्टींत जुनेपणाचा हट्ट धरत नाहीत. एक हेल्मेट आणि दुसरी ब्रेकची रबरं. सुती टोपीची हौस असेल तर ती हेल्मेटच्या आत घाला. कुणी हसलं तर हसू दे!

आणि खायला?

वाटेतल्या ठाण्यांवर चॉकलेटच्या कांड्या मिळतीलच असं समजू नका. तिथे मिळतं गावरान जेवण. घट्ट पाव, त्यावर ऑलिव्हचं तेल, द्राक्षं आणि ‘रिबोलिता’. रिबोलिता म्हणजे ‘पुन्हा उकळलेलं’. शिळा पाव, घेवड्याच्या बिया आणि कोबीची पानं घालून केलेलं हे दाट, गरमागरम सूप. आपल्या घरी उरलेल्या भाकरीचा आमटीतला काला असतो ना, त्याचाच हा इटालियन मावसभाऊ! शेतकऱ्याच्या घरातलं काही वाया जात नाही, मग तो मावळातला असो की टस्कनीतला.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

आता इटलीहून घरी येऊ. तिथे शर्यतीच्या सायकली होत्या आणि आपल्याकडे होत्या काळ्या, उंच, दांडीच्या, दणकट सायकली. पुढे दूधवाल्याच्या किटल्या, मागे कॅरिअरवर डबल सीट! तेव्हाही पोशाखाचा प्रश्न होताच. धोतराचा सोगा किंवा पँटचा पाय चेनमध्ये गेला की संपलं. म्हणून कुणी पँटला चिमटा लावी, कुणी पाय मोज्यात खोचून घेई. हे सगळं तुमच्या आजोबांना विचारा. ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत! पुण्यात कर्वेनगरला तर विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचं संग्रहालयच आहे.

तुमच्या घरी माळ्यावर, गॅलरीत, गावच्या पडवीत अशी एखादी सायकल धूळ खात पडलेली असेल. आई-बाबांना हाताशी घ्या आणि एका रविवारी तिला खाली उतरवा. मग ही यादी समोर ठेवा:

१. टायर बोटानं दाबून बघा. रबराला भेगा पडल्या असतील तर नवे टायर घ्या. इथे काटकसर नको.

२. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात धरा. बुडबुडे आले की पंक्चर सापडलं!

३. चाक अधांतरी धरून फिरवा. ते डावी-उजवीकडे लटपटत असेल तर ‘आउट’ आहे. आरे कमी-जास्त आवळून सायकलवाला ते सरळ करून देईल.

४. ब्रेकची रबरं झिजून गुळगुळीत झाली असतील तर बदला. आणि लक्षात ठेवा, जुन्या सायकलींच्या लोखंडी कड्या पावसात भिजल्या की ब्रेक नीट लागत नाही. पावसात हळूच जा.

५. चेन आधी पुसा, मग एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाका. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. गंज काढायला रॉकेल वापरायचं असेल तर ते काम मोठ्यांनीच करायचं, जाळापासून लांब.

६. जुनं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं. सायकलवाल्याकडून छर्रे काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्या. हेच ते ‘ओव्हरऑइलिंग’! मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्या गल्लीत त्याला असंच म्हणतात.

७. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवा. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. पण थांबल्यावर जमिनीला पाय पोचत नसतील, तर ती सायकल अजून तुमची नाही. थोडे मोठे व्हा!

८. कपडे अंगासरशी आणि उजळ रंगाचे. ओढणी, नाडी, पँटचा पाय चेनपासून दूर. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट. घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि दिवा तपासा.

पहिल्या दिवशी मोठं मैदान किंवा सोसायटीतला मोकळा रस्ता, तोही कुणा मोठ्या माणसाबरोबर. दोन फेऱ्या मारा, थांबा आणि सगळे नट पुन्हा आवळून बघा.

आणि हो, ज्यांची ती सायकल आहे, त्यांना बाहेर बोलवायला विसरू नका. आजोबांना, आजीला किंवा काकांना तिच्यावर बसता आलं नाही तरी चालेल. नुसता हँडलवर हात ठेवून घंटी वाजवू दे. मग बघा, त्यांचा चेहरा कसा खुलतो ते!